हातोड्याच्या दांड्याचे पेन

अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा बारीक आवाज झाला आणि माझा हात जागच्या जागी थांबला. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. पेन जवळजवळ तयार झाले होते. घासून झाले होते, चकाकी आली होती, फक्त पुढचे धातूचे टोक दाबून बसवायचे राहिले होते. ते बसवताना मी पकडीचा दांडा जरा जास्तच आवळला आणि लाकडाला टोकापासून चांगली पाऊण इंच लांबीची सरळ चीर गेली.

एरवी दुसरे लाकूड घेतले असते. पण हे लाकूड दुसरे मिळणारे नव्हते. आमच्या शेजारच्या चाळीत राहणाऱ्या एका मावशींच्या यजमानांच्या हातोड्याचा तो दांडा होता. ते गवंडीकाम करीत. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. धाकट्या मुलीने नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केला, तिला नोकरीची ऑर्डर आली, तेव्हा मावशी तो दांडा पदराखाली धरून आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही लाकडाची पेनं करता म्हणे. ह्याचं एक करून द्या. पोरीच्या खिशाला बापाच्या हातचं कायतरी असू द्या."

रविवारी सकाळी त्या पेन न्यायला येणार होत्या. तो शुक्रवार होता.

त्या पेनाचे पुढे काय झाले ते सांगतोच. पण त्याआधी हे काम कसे चालते आणि त्यात माणूस कुठे कुठे चुकतो हे सांगितले पाहिजे. आपल्या वाचकांत टर्नर, फिटर, सुतार पुष्कळ आहेत. आयटीआयला जाणारी मुलेही घराघरांत आहेत. त्यांना यातले बरेचसे लगेच कळेल आणि कदाचित माझ्या चुका वाचून हसूही येईल.

कारकुनाच्या हाती लेथ

मी कारकून माणूस. जन्म खर्डेघाशीत गेला. लेथ मशीन मी पन्नाशी जवळ येईपर्यंत फक्त लांबून पाहिले होते. आमच्या वसाहतीत एक काका राहतात. ठाण्याजवळच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षे टर्नर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर त्यांनी लाकडासाठीचे एक लहान लेथ विकत घेतले आणि घरामागच्या पत्र्याच्या पडवीत बसवले. खेळण्यांची चाके, लाटणी, पोळपाटाचे पाय असे काहीबाही ते करीत. एकदा त्यांच्या भाच्याने पेनाचे किट मागवून दिले आणि काकांना नवा नाद लागला. मी पाहायला म्हणून जाऊ लागलो आणि शिकाऊ उमेदवार झालो.

किट म्हणजे एका लहान पिशवीत आलेले सुटे भाग. दोन पितळी नळ्या, पुढचे टोक, मधली रिंग, मागची टोपी, क्लिप आणि रिफिल आत-बाहेर करणारी फिरकी. लाकूड आपण आणायचे. पाऊण इंच जाडीचे, नळीपेक्षा थोडे लांब असे दोन चौकोनी तुकडे कापायचे. त्यांना लांबीच्या दिशेने आरपार सात मिलिमीटरचे भोक पाडायचे. भोकात नळी चिकटवायची. दोन्ही टोके नळीच्या कडेबरोबर काटकोनात सपाट करायची. मग ते तुकडे मॅन्ड्रेलवर, म्हणजे एका बारीक लोखंडी दांडीवर, ओवून दोन्ही बाजूंना बुश लावायचे आणि बुशच्या जाडीइतके होईपर्यंत लाकूड छिलून काढायचे. घासायचे, चकाकी द्यायची आणि शेवटी सगळे भाग दाबून बसवायचे. हे भाग जोडायला स्क्रू लागत नाहीत. सारे भाग नुसत्या दाबाने घट्ट बसतात.

ऐकायला सोपे आहे. पण टोकाशी पितळी नळीवर लाकूड किती उरते ठाऊक आहे का? एक मिलिमीटरही नाही. दोन-तीन पोस्टकार्डे एकत्र धरली तर जेवढी जाडी होईल तेवढेच. इतक्या पातळ लाकडाला आपली कुठलीच चूक सोसत नाही, आणि आधी केलेली चूक शेवटच्या क्षणी वर येते.

काकांचा पहिल्या दिवसापासून एकच नियम होता. "आवाज बदलला की आधी स्विच बंद. विचार नंतर." नवशिका माणूस नेमके उलटे करतो. काहीतरी खटखटले की 'एवढा एक हात फिरवून पाहू' म्हणतो, आणि कपचीएवढे नुकसान होते तिथे अख्खा तुकडा जातो.

भोक तिरके गेले

मावशींचा दांडा बाभळीचा होता. बाभूळ जड आणि चिवट असते. बैलगाडीच्या चाकांना आणि अवजारांच्या दांड्यांना आपल्याकडे ती वापरत आले आहेत ते उगाच नाही. बाहेरचे लाकूड फिकट आणि आतले तांबूस तपकिरी असते. हाताच्या घामाने आणि सिमेंटने काळवंडलेला तो दांडा कापला तेव्हा आतून निघालेला रंग पाहून काकाही क्षणभर गप्प झाले.

दांडा फूटभर लांब होता. पण वरच्या बाजूला, हातोड्याच्या डोक्याजवळ, तो चिरलेला होता आणि त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली होती. तो भाग मी खराब म्हणून कापून टाकला. खालच्या टोकाला वाळवी लागली होती. मधले सात इंच तेवढे चांगले. त्यात पेनाचे दोन तुकडे आणि एक राखीव, एवढेच बसले.

राखीव तुकडा पहिल्याच दिवशी गेला. काका बाहेर गेले होते आणि मला घाई. लेथवर भोक पाडण्याऐवजी मी हातातले ड्रिल मशीन घेतले. बिट लाकडाच्या रेषांबरोबर सरकत गेले आणि पलीकडच्या टोकातून निघायचे ते कुशीतून बाहेर आले.

काका आले, त्यांनी तुकडा पाहिला आणि रागावले नाहीत. त्यांनी तो व्हाइसमध्ये धरला, कानशीने घासून त्याचा बारीक भुसा केला आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवला. "ह्याच लाकडाचा भुसा पुढे लागेल," एवढेच म्हणाले. तो लागला.

पुढच्या दोन तुकड्यांना त्यांनी माझ्याकडूनच भोके पाडून घेतली, पण लेथवर. लाकूड चकमध्ये धरायचे, ड्रिल टेलस्टॉकमध्ये. फिरते लाकूड, ड्रिल फिरत नाही. आधी छोट्या सेंटर ड्रिलने मध्यभागी खळगी पाडायची, म्हणजे बिट भरकटत नाही. दर थोड्या खोलीला बिट मागे घेऊन भुसा झटकायचा, कारण भुसा अडकला की बिट तापते आणि तापलेल्या लाकडाला आतून तडे जातात. हे तडे तेव्हा दिसत नाहीत, आठवड्याने दिसतात. बिट पलीकडून बाहेर पडताना कडेच्या कपच्या उडतात. त्यासाठी लाकूड मुबलक असेल तर तुकडा लांब ठेवून टोक नंतर कापून टाकावे. आमच्याकडे मुबलक नव्हते, म्हणून मागे रद्दी लाकडाचा एक ठोकळा चिकटवला. कपच्या उडाल्या त्या त्याच्या.

भोक थोडे सैल झाले तर घाबरण्याचे कारण नाही. अॅराल्डाइटमध्ये थोडा भुसा कालवून नळी बसवली की पोकळी भरून निघते.

अर्ध्यात अडकलेली नळी

नळी चिकटवताना होणारी चूक सर्वांनाच एकदा तरी भोवते. झटपट चिकटणारा गोंद, ज्याला आपण सगळे फेविक्विक म्हणून ओळखतो तसला सायनोअॅक्रिलेट, नळीला लावायचा आणि नळी आत सारायची. मधेच हात क्षणभर थांबला की संपले. नळी अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि जन्माची घट्ट. ठोकून आत जात नाही, ओढून बाहेर येत नाही. लाकूड मोलाचे नसेल तर फेकून द्यावे. मोलाचे असेल तर त्याच मापाचे ड्रिल हळूहळू चालवून आतली पितळ कोरून काढता येते. मात्र नळी तापून गरगर फिरू लागते, म्हणून थांबत थांबत काम करावे लागते.

हे टाळायचे तर झटपट गोंदाऐवजी दोन भाग मिसळून करायचा सावकाश वाळणारा गोंद घ्यावा. नळी आधी पॉलिश पेपरवर घासून खरखरीत करावी. गुळगुळीत पितळेवर गोंद धरत नाही आणि मग छिलताना नळी लाकडात सुटी होते.

आता एक घरगुती युक्ती. नळीत गोंद शिरू नये म्हणून तिचे तोंड कच्च्या बटाट्याच्या चकतीत दाबायचे. बटाट्याचे बूच बसते. गोंद वाळल्यावर ते काडीने ढकलून काढायचे. ही युक्ती मला ठाऊक होती. बटाटाही घरात होता. मी एका नळीला बूच लावले आणि दुसरीला लावायचा कंटाळा केला. हा कंटाळा लक्षात ठेवा.

केराच्या सुपलीतली कपची

छिलताना पहिला तुकडा नीट उतरला. दुसऱ्याच्या वेळी टूलची धार गेली आहे हे जाणवत असूनही मी काम रेटले. धार गेलेले टूल कापत नाही, उपटते. खट् झाले. या वेळी मात्र मी काकांचा नियम पाळला आणि स्विच बंद केला. लाकडातून नखाएवढी कपची उडाली होती आणि खाली पितळ चमकत होती.

अशा वेळी पहिले काम म्हणजे जमीन झाडायची नाही. उडालेली कपची हाच सर्वांत चांगला उपाय असतो. ती परत तिच्या जागी बसते, रेषेला रेष जुळते आणि पातळ गोंदाचा एक थेंब सोडला की नंतर शोधूनही सापडत नाही. पण मी चहाला उठलो आणि तेवढ्यात काकूंनी पडवी लख्ख झाडून काढली. मग काय, काका, मी आणि काकू असे तिघे जण केराची सुपली वर्तमानपत्रावर पालथी करून बसलो. अर्ध्या तासाने कपची सापडली, तिचा एक कोपरा मात्र नव्हता. तेवढी जागा औषधाच्या बाटलीतला भुसा दाबून भरला आणि वर गोंदाचा थेंब सोडला. एका तासाने त्यावरून धारदार टूल हलकेच फिरवले. आज ती जागा कोणती हे मलाही पटकन सांगता येणार नाही.

कपची मिळाली नाही आणि त्याच लाकडाचा भुसाही नसेल तर गडद लाकडात कॉफीची पूड चालते. फिकट लाकडात मात्र कुठलीही भर थोडी गडदच दिसते, त्याला इलाज नाही.

बुशपेक्षा लाकूड जास्त उतरले, म्हणजे धातूची कड बोटाला टोचू लागली, तर वर पातळ गोंदाचे थर देत देत जाडी परत आणता येते. फारच उतरले असेल तर सारे लाकूड छिलून काढावे आणि उरलेली पितळी नळी दुसऱ्या तुकड्यात वापरावी. घासताना लोखंडी बुशची काळी पूड फिकट लाकडावर पसरते. म्हणून टोकाशी आवरते घ्यावे आणि आधी गोंदाचा एक हात देऊन लाकडाची छिद्रे बंद करावीत. घासताना बोटाला चटका बसू लागला तर लाकडालाही बसत आहे असे समजावे. शेवटी मशीन थांबवून लांबीच्या दिशेने हाताने घासले की गोल गोल ओरखडे निघतात. पावसाळ्यात गोंदाच्या चकाकीवर पांढुरके धुके येते. ते हवेतल्या दमटपणामुळे येते. तो थर घासून काढून कोरड्या दिवशी पुन्हा द्यावा. माझी दोन पेने जुलै महिन्यात अशीच ढगाळ झाली होती.

आणखी दोन गोष्टी, कारण त्यांची दुरुस्ती नाही. हा झटपट गोंद सुती कापडावर सांडला तर कापड एकदम तापते, धूर येतो, चटका बसतो. म्हणून तो कागदानेच लावावा. दुसरे, फिरत्या लेथजवळ बोटाला चिंधी गुंडाळू नये, पदर-ओढणी-सैल बाही असू नये, डोळ्यांवर चष्मा आणि नाकाला फडके असावे. काकांच्या डाव्या हाताचे करंगळीचे पेर नाही. कारखान्यात फिरत्या जॉबला पुसायला गेले आणि कापसाच्या गुंत्याबरोबर बोट आत गेले. "लाकडाची चूक सुधारते रे," म्हणून ते तो हात पुढे करतात.

शुक्रवारची रात्र

आता त्या चिरेकडे येतो. धातूचे टोक पलीकडून सहा मिलिमीटरच्या सळईने हलकेच ठोकून बाहेर काढले आणि नळीत बॅटरीचा उजेड टाकला. तोंडाशी आतल्या बाजूला गोंदाचा वाळलेला ओघळ होता. बटाट्याचे बूच न लावलेली तीच ही नळी. ओघळ काही केसभर जाडीचा असेल. पण घट्ट बसणारे टोक आणि त्यात ही केसभर जाडी, म्हणून पितळ फुगली आणि वरचे पातळ लाकूड उकलले. दोन मिनिटे गोल कानशी फिरवली असती तर झाले नसते.

त्या रात्री माझ्या मनात काय आले ते लिहितो. आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर लाकडाच्या वखारीत बाभळीचे तुकडे पडलेले असतात. तसलाच तांबूस रंग, तशाच रेषा. शनिवारी सुट्टी होती. संध्याकाळपर्यंत नवे पेन उतरले असते, आणि मावशींना काय, मुलीला काय, कुणालाही कधी कळले नसते. मी अंथरुणावर पडून रंग जुळेल का याचाच हिशेब करीत होतो. पत्नीने विचारले तेव्हा सांगून टाकले. ती म्हणाली, "मग ते पेन कशाला, दुकानातलंच द्या की." आणि कूस बदलून झोपली.

शनिवारी सकाळी मी मावशींकडे गेलो. तुटलेला भाग हातरुमालात गुंडाळून नेला होता. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला आणि भलताच प्रश्न केला. "भाऊ, वरची तार कुठाय?"

मी म्हणालो, तो भाग चिरलेला होता म्हणून कापून टाकला.

"ती चीर माझ्या लग्नाच्या आधीची," मावशी म्हणाल्या. "मुकादम म्हणायचा नवा दांडा घाल. ह्यांनी जळलेल्या मोटरची तार आणली नि गुंडाळली. सैल झाली की पुन्हा गुंडाळायचे. त्या तारेवरच सगळं आयुष्य गेलं." मग थोडे थांबून म्हणाल्या, "हिलाही गुंडाळा की."

मी धावतच काकांकडे आलो. काका कुठलीच वस्तू टाकत नाहीत, हे त्यांच्या घरातल्यांचे मोठे दुखणे आहे. भंगाराच्या डब्यात तळाशी दांड्याचा तो कापलेला तुकडा होता आणि तार त्यावर तशीच होती.

टोपीचे कडे

पण नुसती तार गुंडाळून चालेल का, अशी शंका मला होती. काकांनी ट्रंकेतून त्यांचे जुने शाईचे पेन काढले. काळे, एबोनाइटचे. राजमहेंद्रीहून त्यांच्या थोरल्या भावाने आणलेले. त्याच्या टोपीच्या तोंडाला एक बारीक पिवळे कडे होते. "हे शोभेचं वाटतं ना? हे नसतं तर टोपी कधीच उकलली असती."

आंध्र प्रदेशातले राजमहेंद्री हे हाताने घडवलेल्या पेनांचे जुने गाव. के. व्ही. रत्नम यांनी तिथे स्वदेशी पेने करायला सुरुवात केली. १९३५ साली महात्मा गांधींनी वर्ध्याहून त्यांना पत्र लिहून, हे पेन परदेशी पेनांच्या जागी चांगले चालेल असे कळवले होते. ही पेने एबोनाइटची असतात. रबरात तीस-चाळीस टक्के गंधक मिसळून ते तापवले की शिंगासारखा कडक पदार्थ तयार होतो, तो एबोनाइट. लेथवर छिलताना जळक्या रबराचा नि गंधकाचा वास सुटतो. एबोनाइट उन्हाने आणि गरम पाण्याने तपकिरी पडते, म्हणून जुने पेन धुवायचे तर थंड पाण्यानेच. मात्र निबाखालची एबोनाइटची जीभ निबाला नीट चिकटत नसेल तर कारागीर ती काही सेकंद कढत पाण्यात धरतात, ती नरम होते, आणि मग निबावर दाबून बसवतात. जे पाणी बाहेरच्या रंगाचे वाटोळे करते तेच आतल्या जिभेला वळण लावते. टोपीचे आटे झिजले तर आतून थोडे कोरून नवी नळी बसवून तीवर पुन्हा आटे पाडता येतात. आणि टोपीचे तोंड, जिथे ताण येतो आणि जे पहिल्यांदा उकलते, त्याला धातूचे कडे घालतात.

म्हणजे मावशींच्या यजमानांनी दांड्याला जे केले होते ते पेनवाल्यांच्या शास्त्राला धरूनच होते.

पाच वेढे

आधी नळीच्या आतला गोंद गोल कानशीने साफ केला. धातूचे टोक हाताने अर्धे तरी आत जाते ना, हे पाहिले. मग चिरेत पातळ गोंद सोडला. तो पाण्यासारखा असतो, केसाएवढ्या फटीतही आपोआप शोषला जातो. वर दुधाच्या पिशवीचा तुकडा ठेवला, कारण त्याला गोंद धरत नाही, आणि त्यावरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून आवळली. चीर मिटली.

दुपारी तुकडा परत मॅन्ड्रेलवर चढवला. टोकापासून तीन मिलिमीटर रुंदीचे लाकूड थेट पितळेपर्यंत उतरवले. हे काम काकांनी केले. मला ते द्यायला तयार होते, पण माझे हात थरथरत होते आणि तसे मी सांगितलेही.

तार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची होती. वर्षानुवर्षांच्या मळाने काळी पडलेली. पॉलिश पेपरने घासली तेव्हा तांबडी निघाली. गॅसवर धरून नरम केली, नाहीतर ती वळताना उसळते. मॅन्ड्रेल हाताने फिरवत फिरवत त्या खाचेत पाच वेढे घातले, शेवटचे टोक शेजारच्या वेढ्याखाली दडवले आणि पातळ गोंदाने सारे एकजीव केले. त्यावर टूल लावायचे नाही, लावले तर तार उचकटते. नुसते बारीक पेपरने घासले आणि वरून गोंदाचे चार-पाच हात दिले. बोट फिरवले तर लाकूड कुठे संपते नि तांबे कुठे सुरू होते ते जेमतेम कळते.

टोक बसवताना पकडीचा दांडा काकांच्या हातात होता आणि मी कान लावून बसलो होतो. आवाज आला नाही. फिरकी बसवताना मात्र पुन्हा चुकण्याची जागा असते. ती जास्त दाबली गेली तर रिफिलचे टोक कायम बाहेर राहते, आत जातच नाही. म्हणून थोडी दाबायची, रिफिल घालून पाहायची, पुन्हा थोडी दाबायची. असे आम्ही सात-आठ वेळा केले.

रविवारी मावशी मुलीला घेऊन आल्या. मुलीने पेन फिरवून रिफिल बाहेर काढली आणि समोरच्या कॅलेंडरच्या मागे स्वतःचे नाव लिहिले. आडनावाशी थांबली, वडिलांचे नाव मधे घालायचे राहिले होते. ते वर बारीक अक्षरात लिहिले. मग अंगठ्याने तारेवरून दोन-तीनदा चाचपून पाहिले आणि विचारले, "काका, ही रिफिल संपली तर कुठली घालायची?" क्रॉस पद्धतीची बारीक रिफिल लागते, मोठ्या स्टेशनरी दुकानात मिळते, तरी दोन आधीच घेऊन ठेव, असे मी तिला चिठ्ठीवर लिहून दिले.

मावशींनी पैसे विचारले. मी किटचे तेवढे घेतले. जाता जाता त्यांनी पिशवीतून हातोड्याचे लोखंडी डोके काढले आणि काकांच्या ओट्यावर ठेवले. ह्याला नवा दांडा घालून पाहिजे, म्हणाल्या. घरात खिळा ठोकायला काही तरी लागतेच. काकांनी ते हातात तोलून पाहिले आणि बुधवारी या म्हणाले.